अमेरिकेचा इतिहास घरी शिकवायचाय (आठवी), फुकटात भरवशाचं काय मिळेल?

तिखटमीठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवा.

आम्ही डॅलसच्या जवळ राहतो. लेक तेरा वर्षांची, या वर्षीपासून घरीच शिकतेय (का, कशासाठी ते कृपया इथे नको, त्यावर वेगळा धागा निघेल आणि पेटेल). गणित-सायन्स नवऱ्याकडे, इंग्लिश आणि सोशल स्टडीज माझ्या गळ्यात. टेक्सासमध्ये आठवीला अमेरिकेचा इतिहास असतो, सुरुवातीच्या वसाहतींपासून १८७७ पर्यंत, म्हणजे सिव्हिल वॉर (उत्तर-दक्षिण यादवी युद्ध) आणि त्यानंतरचं रिकन्स्ट्रक्शन (दक्षिणेची घडी पुन्हा बसवायचा काळ) धरून. होमस्कूलवाल्यांना इथे सरकार फारसं काही विचारत नाही, परीक्षाही नाही, पण उद्या हायस्कूलला परत शाळेत घालायचं ठरलं तर पोरगी कोरी नको.

पंचाईत अशी की माझा स्वतःचा अमेरिकेचा इतिहास म्हणजे बोस्टन टी पार्टी, टिपा लिहा, तीन मार्क. पुढे वॉशिंग्टन, लिंकन, केनेडी, खेळ खल्लास. तयार करिक्युलम बघितले तर शेकड्यांनी डॉलर, आणि नवरा म्हणतो नेटवर एवढं फुकट पडलंय तर पैसे कशाला. पडलंय खरं, पण इतकं पडलंय की सध्या माझं निम्मं काम नुसतं बुकमार्क करणं हेच झालंय. आणि वर्कशीट म्हणून जे हाताला लागतं ते गाळलेल्या जागा भरा नाहीतर लिंकनच्या टोपीत रंग भरा, ते तेरा वर्षांच्या मुलीपुढे ठेवलं की ती ज्या नजरेने बघते ना!

तर यातलं धरायचं काय, कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा, आणि मला आधी स्वतःला शिकायला काय वाचू? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

रंगीत_खडू:

यूट्यूबवरचे क्रॅश कोर्सचे यूएस हिस्टरीचे व्हिडिओ लावून दे गं, जॉन ग्रीनचे, २०१३ चे आहेत पण अजून मस्त वाटतात. माणूस राजधानी एक्सप्रेससारखा बोलतो, स्पीड पाऊण पट करून बघायचे. खान अकादमीवर पण आहे सगळं ओळीने, प्रश्नांसकट. आमच्या चिरंजीवांनी तेवढ्यावर नववी काढली.

आणि मिशन यूएस म्हणून फुकट गेम्स आहेत ते नक्की बघ. पहिल्या गेममध्ये तुम्ही १७७० च्या बोस्टनमध्ये छापखान्यात शिकाऊ पोरगा असता आणि इंग्रजांच्या बाजूने का वसाहतवाल्यांच्या हे ठरवत जायचं. दुसऱ्यात केंटकीतली गुलाम मुलगी असते, पळून जायचं असतं. तो खेळताना पोरगं गप्प झालं होतं माझं, एरवी तोंड बंद नसतं.

जर्सीकर_मास्तर:

ताई, आधी ते बुकमार्क उडवा. मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला सोशल स्टडीजच शिकवतो आणि दर ऑगस्टला नवे टीचर लोक हेच करताना बघतो, लिंकांचे ढीग घेऊन येतात आणि ऑक्टोबरमध्ये रडतात. सामान कमी नाहीये, कणा नसतो. एक पुस्तक धरायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच, आणि त्याच्या जोडीला आठवड्याला एक अस्सल कागद, त्या काळात त्या माणसाने लिहिलेला. एकच. खडूताई रागावू नका, पण व्हिडिओ म्हणजे ताटातलं लोणचं, त्याच्यावर जेवण होत नाही. मुलं बघतात, हसतात, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर बोलणाऱ्याचा चष्मा आठवतो.

पुस्तक म्हणाल तर कोअर नॉलेज फाउंडेशनची हिस्टरी-जिऑग्राफीची पुस्तकं पीडीएफ फुकट उतरवता येतात, टीचर गाइडसकट, भाषा सोपी आहे, मुलीला स्वतःची स्वतः वाचता येतील. तुमच्यासाठी, मुलीसाठी नव्हे, अमेरिकन यॉप. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचं कॉलेजचं पुस्तक आहे, पूर्ण फुकट, लॉगिनसुद्धा नको. तीस प्रकरणं आहेत आणि पंधरावं रिकन्स्ट्रक्शनचं, म्हणजे पहिला अर्धा भाग बरोबर तुमचा पोर्शन. प्रत्येक प्रकरणाला मूळ कागदांचा वेगळा रीडर जोडलेला आहे. ते जड वाटलं तर ओपनस्टॅक्सचं यूएस हिस्टरी बघा, राइस युनिव्हर्सिटीवाल्यांचं, जरा जास्त टेक्स्टबुकछाप आहे पण व्याख्या, टाइमलाइन व्यवस्थित. रात्री एक प्रकरण तुम्ही वाचायचं, सकाळी तिला शिकवायचं. दोन पावलं पुढे असलात की झालं, आम्ही पण पहिल्या वर्षी तेच केलं.

आता कागद. रीडिंग लाइक अ हिस्टोरियन नावाचे धडे आहेत, पूर्वी स्टॅनफर्ड हिस्टरी एज्युकेशन ग्रुपचे होते, आता तो ग्रुप डिजिटल इन्क्वायरी ग्रुप नावाने चालतो. ईमेल देऊन फुकट रजिस्टर व्हायचं. प्रत्येक धडा एका प्रश्नावर असतो. लेक्सिंग्टनचा घ्या, इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक. १९ एप्रिल १७७५, लेक्सिंग्टन गावाच्या मैदानात पहिली गोळी कोणी झाडली? मुलांच्या हातात दोन कागद येतात. एक इंग्रज लेफ्टनंट जॉन बार्करची डायरी, तो म्हणतो आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी एक-दोन गोळ्या झाडल्या, मग आमचे लोक हुकूम नसताना धावून गेले. दुसरा गावातल्या ३४ मिनिटमेनचं, म्हणजे हाकेसरशी बंदूक घेऊन येणाऱ्या गावकऱ्यांचं, शपथेवर दिलेलं निवेदन, २५ एप्रिलचं, ते म्हणतात आम्ही पांगत होतो, पाठ फिरवली होती आणि यांनी गोळ्या घातल्या. आठ माणसं मेली त्या दिवशी तिथे. आता सांगा कोण खरं बोलतंय, आणि का वाटतं तसं?

उत्तर कुठेच दिलेलं नाही. कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, लिहिणाऱ्याचा काय फायदा, हे मुलं आपापसात भांडून काढतात. जुनं इंग्लिश अवघड असतं म्हणून सोपी केलेली आवृत्ती आणि मूळ अशा दोन्ही दिलेल्या असतात. घरी एकच मूल आहे तर एका बाजूने तुम्ही भांडा.

शिळा_वडापाव:

मास्तर, नागरिकत्वाच्या परीक्षेचं पण सांगा की. यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्व देणाऱ्या सरकारी खात्याच्या साइटवर प्रश्नसंच, फ्लॅशकार्ड, पुस्तिका सगळं फुकट आहे. आता २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले वीस विचारतात आणि बारा यावे लागतात, आधी दहा विचारायचे. बायको सध्या भाजी चिरताना मला फेडरलिस्ट पेपर्स कोणी लिहिले विचारत असते. आठवीच्या पोरीला पाया म्हणून वाईट नाही, आईबापांची पण तयारी होईल.

जुनी_कागदं:

मी इथे ओहायोत एका काउंटी लायब्ररीत काम करते, जुन्या कागदांच्या विभागात, म्हणून मास्तरांच्या प्रतिसादाला जोड देते.

सगळ्यात मोठा साठा लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. थेट त्यात शिरू नका, हरवाल. टीचर्सचं वेगळं पान आहे, तिथे प्रायमरी सोर्स सेट्स म्हणून विषयवार बांधलेले गठ्ठे मिळतात, पंधरा-वीस चित्रं-पत्रं-नकाशे आणि कसं शिकवायचं त्याची टिपणं. नॅशनल अर्काइव्हजची डॉक्सटीच साइट पण तशीच, तिथे कागद ओढून ओळीने लावायचे, चित्राचा झाकलेला भाग उघडत जायचा अशा ॲक्टिव्हिटी तयार असतात. त्यांची कागद वाचायची एक-एक पानी वर्कशीट्स आहेत, फोटोसाठी वेगळं, पत्रासाठी वेगळं, ती मात्र छापून ठेवाच, वर्षभर पुरतात.

तिसरं फाउंडर्स ऑनलाइन. वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, फ्रँकलिन, हॅमिल्टन, मॅडिसन या देशाच्या संस्थापकांची पत्रं, टाइप केलेली, सर्च होणारी. त्यात ॲबिगेल ॲडम्सचं ३१ मार्च १७७६ चं नवऱ्याला, जॉन ॲडम्सला लिहिलेलं पत्र काढा. नवे कायदे कराल त्यात बायकांचा विचार करा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका, असं तिने साफ लिहिलंय, आणि लक्ष दिलं नाहीत तर आम्ही बंड करू अशी धमकी पण दिलीय. आणि मग जॉनचं १४ एप्रिलचं उत्तर काढा, तो म्हणतो मला तर हसूच आलं. तेरा वर्षांच्या मुलीला ही दोन पत्रं लागोपाठ वाचायला द्या आणि तुम्ही चहा करायला निघून जा. मूळ हस्ताक्षरातली पानं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या साइटवर आहेत. कर्सिव्ह इकडच्या मुलांना वाचता येत नाही, आपल्याला येतं, तिथे आई एकदम भाव खाऊन जाते.

एक जपून. लायब्ररी ऑफ काँग्रेसवर १९३६ ते १९३८ मध्ये घेतलेल्या पूर्वीच्या गुलामांच्या मुलाखती आहेत, २३०० च्या वर, फोटोंसकट. अनमोल साठा आहे, पण सरळ मुलीच्या हातात देऊ नका, आधी स्वतः वाचून निवडा. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे, सांगणारे म्हातारे, लहानपणी गुलाम असलेले, आणि मंदीच्या काळात दारात आलेल्या सरकारी गोऱ्या माणसाशी ते किती मोकळं बोलणार. त्यांचे उच्चार पण लिहिणाऱ्याने आपल्या मनाने वेडेवाकडे उतरवलेत, शिवाय अपमानास्पद शब्द आणि मारहाणीची वर्णनं आहेत. यावरच तिच्याशी बोलता येईल, पण तयारीने.

आणि जे आवडेल ते उतरवून ठेवा हो, नुसती लिंक ठेवू नका. सरकारी पानं बदलतात. २०२५ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अंडरग्राउंड रेलरोडच्या (गुलामांना पळून जायला मदत करणारं गुप्त जाळं) पानावरचा मजकूर बदलला, बोंबाबोंब झाली तेव्हा परत आणला. अमेरिकन सरकारने स्वतः तयार केलेलं बहुतेक साहित्य कॉपीराइटमुक्त असतं, त्यामुळे छापायला, वाटायला भीती नाही. गायब झालेलं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर बऱ्याचदा सापडतं.

तिखटमीठ:

अरे बापरे, किती छान माहिती. सगळ्यांना एकत्रच धन्यवाद. मास्तर, बुकमार्क उडवले, खरंच. यॉपचं पहिलं प्रकरण वाचायला घेतलंय.

एक शंका. इथल्या होमस्कूल ग्रुपमध्ये दोन तट आहेत, एक बाई म्हणतात झिन एज्युकेशन प्रोजेक्टच घ्या, बाकी सगळा सरकारी प्रचार, आणि दुसऱ्या म्हणतात हिल्सडेलचं १७७६ करिक्युलम घ्या, बाकी सगळे देशाला शिव्या घालायला शिकवतात. दोन्ही फुकट आहेत. मी मध्ये उभी.

ठोकळा:

दोन्ही नको. ज्याला त्याला आपला अजेंडा आहे. कुठलंही जुनं, १९८० च्या आधीचं टेक्स्टबुक सेकंडहँड घ्या दोन डॉलरला, त्यात फक्त फॅक्ट्स असतात. आजकाल सगळं गुलामगिरी आणि रेड इंडियन यावरच, बाकी देश कोणी उभा केला की नाही?

जर्सीकर_मास्तर:

ठोकळासाहेब, जुन्या टेक्स्टबुकात फक्त फॅक्ट्स असतात हे वाक्य माझ्या वर्गात म्हणाला असता तर मुलांनी तुम्हाला सोडलं नसतं. कुठल्या फॅक्ट्स घ्यायच्या हे कोणीतरी ठरवतंच. साठ वर्षांपूर्वीची पुस्तकं उघडून बघा, रिकन्स्ट्रक्शनचं प्रकरण कसं रंगवलंय.

ताई, फुकट म्हणजे कोणीतरी त्यात पैसे आणि मेहनत घातलीय, आणि का घातलीय ते बघायचं, वाईट हेतूनेच असं नव्हे. झिनवाले म्हणजे रीथिंकिंग स्कूल्स आणि टीचिंग फॉर चेंज या दोन संस्था, कामगार, काळे, बायका, मूलनिवासी यांच्या बाजूने इतिहास सांगायचा हे ते उघड म्हणतात. हिल्सडेल हे मिशिगनमधलं कॉन्झर्व्हेटिव्ह कॉलेज, २०२१ मध्ये त्यांनी हे काढलं, स्थापनेची तत्त्वं आणि थोर पुरुष हा त्यांचा भर, तेही लपवत नाहीत. लपवत नाहीत ते परवडतात. मी दोन्हीकडचा एखादा धडा घेतो, पण कणा यांच्यापैकी कोणालाच करू नका, विशेषतः तुम्हालाच विषय नवीन आहे तोपर्यंत.

भांडण मिटवायचं असेल तर येल लॉ स्कूलची अव्हॅलॉन प्रोजेक्ट नावाची साइट आहे, दिसायला अगदी भिकार, एक चित्र नाही, पण कागद पक्के. सिव्हिल वॉर गुलामगिरीवरून झालं का राज्यांच्या हक्कांवरून, हा वाद टेक्सासमध्ये तुमच्या कानावर येणारच. तिथे दक्षिणेकडच्या राज्यांनी फुटून निघताना स्वतः लिहिलेली कारणं आहेत, मिसिसिपीचं, जॉर्जियाचं, साउथ कॅरोलायनाचं आणि तुमच्या टेक्ससचं पण, २ फेब्रुवारी १८६१ चं. मिसिसिपीवाले सुरुवातीलाच सांगतात की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्ण जोडलेली आहे. मुलीला हायलायटर द्या, गुलामगिरी आली की पिवळा, टॅरिफ (आयात कर) आला की हिरवा, राज्यांचे हक्क आले की निळा. मग कागदाचा रंग बघा. तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही, ना झिनसाठी ना हिल्सडेलसाठी.

ठोकळा:

साउथ कॅरोलायनावाल्यांच्या कागदात राज्यांचे हक्क भरपूर आहेत, वाचलाय मी.

जर्सीकर_मास्तर:

आहेत ना, निळा रंग लागेल. आता कुठला हक्क ते पुढचं वाक्य वाचा. पळालेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत देत नाहीत, तिथल्या राज्यांनी आपले कायदे वापरून अडवलं, ही तक्रार आहे त्यात. म्हणजे उत्तरेच्या राज्यांचा हक्क यांना नको होता. मुलांना हा घोळ बरोबर सापडतो, दर वर्षी.

अर्धवट_देसी:

हाय, माझं मराठी टायपिंग थोडं वाईट आहे, इथेच वाढलो (वर्जिनिया), आता कॉलेजला. एपी यूएस हिस्टरी घेतलेला, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स. काकू, पुढे ती एपी घेणार असेल तर आत्तापासून एक करा, कॉलेज बोर्डच्या एपी सेंट्रलवर जुन्या परीक्षांचे लेखी प्रश्न फुकट असतात, सोबत मार्क कसे दिले ते आणि खऱ्या मुलांनी लिहिलेली उत्तरं पण, चांगलं, बरं, वाईट तिन्ही. डीबीक्यू म्हणजे सात कागद देतात आणि त्यावरून निबंध. मला त्या वाईट उत्तरांनी जास्त शिकवलं, कळतं की अरे मी पण हेच करतो, सगळे कागद एकेक करून समरी लिहितो आणि आर्ग्युमेंट काहीच नाही.

आणि दुसरं, शाळेत पूर्ण बारा वर्षांत आपले लोक इतिहासात एकदा पण नाही आले. मला वाटायचं इंडियन्स १९६५ नंतर विमानातून आले, बस. कॉलेजला येऊन साडा बघितलं, साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह, फिलाडेल्फियाचं, सगळं फुकट. त्यात गदरवाल्यांचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठाव करू बघणाऱ्या इंडियन्सचे कागद, १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेले. भगतसिंग थिंड, तो पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होता तरी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं तू व्हाइट नाहीस म्हणून सिटिझन नाही. मग बऱ्याच लोकांची घेतलेली सिटिझनशिप पण काढली. १९४६ पर्यंत असंच. हे १८७७ नंतरचं आहे, पण तिला सांगा, नाहीतर माझ्यासारखं तिला पण वाटेल की ही दुसऱ्यांची गोष्ट आहे.

तिखटमीठ:

काकू म्हणालास ते ऐकलं नाही असं समजते. पण सांगितलंस ते खूप कामाचं, आणि मराठी मस्त आहे तुझं.

नाना_ठाणे:

पोरी, मी ठाण्यात बसून काय सांगणार, पण हा धागा वाचून राहवलं नाही. तुझा पोर्शन १८७७ ला संपतो म्हणतेस. जोतिबांची गुलामगिरी १८७३ सालची. अर्पणपत्रिका कोणाला आहे माहीत आहे ना? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं त्यांच्या सन्मानार्थ, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा. म्हणजे तिकडे रिकन्स्ट्रक्शन चालू असताना पुण्यात बसून एक माणूस ते वाचत होता, समजून घेत होता. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेलं फुल्यांचं समग्र वाङ्मय पीडीएफमध्ये मिळतं. नातीला तेवढं एक पान मराठीत वाचून दाखव, इतिहास आणि मराठी, दोन्हींचं काम होईल.

पुढचं पण आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ ला डॉक्टर झाल्या, त्या कॉलेजचे कागद आता ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीकडे आहेत आणि आनंदीबाईंचं पत्र, तो प्रसिद्ध तीन बायकांचा फोटो, सगळं त्यांच्या डिजिटल संग्रहात बघायला मिळतं. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या आणि मग १८८९ ला त्यांनी अमेरिकेवर अख्खं मराठी पुस्तक लिहिलं, तिथल्या बायका, शाळा, राज्यकारभार, वर्णद्वेष पण. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथल्या काळ्यांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र घातलं होतं, अमेरिकेतले काळे लोक युनोकडे अर्ज करतायत त्याची प्रत मागायला. ते पत्र आणि आलेलं उत्तर मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीने, ॲमहर्स्टच्या, नेटवर ठेवलंय. घरबसल्या बघितलं मी, चष्मा पुसून पुसून.

जुनी_कागदं:

नाना, फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचं फारच छान सांगितलंत. आमच्या लायब्ररीत फेब्रुवारीत ब्लॅक हिस्टरी मंथचं टेबल मांडतो, या वेळी त्याची प्रिंट लावते.

तिखटमीठ, तुमच्या टेक्ससचं एक राहिलं. जूनटीन्थ, गुलाममुक्तीची १९ जूनची सुट्टी. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, आणि गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने हुकूम काढला १९ जून १८६५ ला, अडीच वर्षांनी. त्या जनरल ऑर्डर नंबर ३ चा हाताने लिहिलेला कागद नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर आहे, जेमतेम चार-पाच वाक्यं. पहिल्या वाक्यात सगळे गुलाम मुक्त, दुसऱ्यात मालक आणि गुलाम यांचे हक्क पूर्ण समान. सुट्टीच्या दिवशी एवढंच सांगतात. खाली वाचत जा, मुक्त झालेल्यांनी गुपचूप आहेत त्याच घरी राहावं आणि मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांवर गर्दी करू नये, आळशीपणा केला तर पोसणार नाही. एकाच कागदात, एकाच शाईने. त्यानंतर रिकन्स्ट्रक्शन का फसलं हे शिकवायला तुम्हाला निम्मेच कष्ट पडतील.

सोबत हँडबुक ऑफ टेक्सस बघा, टेक्सस स्टेट हिस्टॉरिकल असोसिएशनचा ऑनलाइन कोश, फुकट, आणि पोर्टल टू टेक्सस हिस्टरी, नॉर्थ टेक्सस युनिव्हर्सिटीचं, जुनी वर्तमानपत्रं आणि फोटो. तुमच्या गावाचं नाव टाकून बघा, मुलं तिथे अडकतात.

तिखटमीठ:

रिपोर्ट द्यायला आले. लेक्सिंग्टनचा धडा घेतला. मी मिनिटमेनची वकील, ती बार्करची. पोरगी म्हणाली, आई, ३४ जणांनी मिळून एकच कागद लिहिलाय म्हणजे आधी बसून ठरवलंय, सहा दिवस होते त्यांच्याकडे. आणि बार्कर डायरीत स्वतःच्याच शिपायांबद्दल लिहितोय की ते इतके बेभान होते की हुकूम ऐकत नव्हते, खोटं बोलायचं असतं तर हे कशाला लिहिलं असतं? मी म्हटलं अगं शपथेवर आहे, तीन मॅजिस्ट्रेटसमोर. ती म्हणाली मॅजिस्ट्रेट पण त्यांच्याच गावचे ना. नवरा ऑफिसचा कॉल म्यूट करून ऐकत होता आणि मध्येच म्हणाला की पण पहिली गोळी तिसऱ्याच कोणी झाडली असेल तर, तर दोघी त्याच्यावर ओरडलो.

ॲबिगेलचं पत्र पण झालं. जॉनचं उत्तर वाचून तिने जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही.

आता अडलंय ते मार्कांवर. या असल्या धड्यांना बरोबर-चूक उत्तरच नाही, मग तिला येतंय की नाही हे मी कशावरून ठरवू? आणि तारखा, नावं, नकाशा हे पण यायला पाहिजे ना थोडंतरी?

जर्सीकर_मास्तर:

वा! तीन मॅजिस्ट्रेटवर ती बोलली ते माझ्या वर्गात क्वचित कोणी बोलतं.

तारखा-नावं-नकाशा यासाठी टेक्ससच्या आठवीच्या स्टार परीक्षेचे सोशल स्टडीजचे जुने पेपर सरकारने साइटवर टाकलेत, उत्तरांसकट. तिला परीक्षा द्यायची नसली तरी महिन्यातून एकदा त्यातले झालेल्या भागाचे प्रश्न काढून द्या, शाळेतली मुलं कुठे आहेत त्याचा अंदाज येईल. राज्यघटनेचा भाग आला की आयसिव्हिक्सचे गेम लावा, सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या बाई न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांनी २००९ मध्ये काढलेली संस्था आहे, फुकट. ड्यू प्रोसेस (कायद्याची रीतसर प्रक्रिया), फर्स्ट अमेंडमेंट (बोलण्याचं, धर्माचं स्वातंत्र्य) हे मुलं खेळता खेळता पाठ करून टाकतात, मला फळ्यावर लिहून जमलं नाही ते.

कागदांच्या धड्याला मार्क देऊ नका. एक परिच्छेद लिहायला सांगा आणि चारच गोष्टी बघा. दावा केलाय का, कागदातलं नेमकं वाक्य घेतलंय का, लिहिणारा कोण आणि कधीचा याचा विचार केलाय का, आणि दुसरी बाजू निदान एका वाक्यात मान्य केलीय का. पहिल्या महिन्यात पहिल्या दोन आल्या तरी खुश राहा. तिसरी बोलताना तिला येतेच आहे, कागदावर यायला वेळ लागेल. चौथी आमच्यातल्या मोठ्या माणसांना पण येत नाही, ठोकळासाहेब आणि मला धरून.

ठोकळा:

मान्य.

रंगीत_खडू:

आणि मास्तर काही म्हणोत, शुक्रवारी गेम खेळू दे तिला.